कॅशमियर घ्यायचंच असेल तर आधी शेळ्या मोजा

इचलकरंजीच्या सूत-तपासणी प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. बहुतेक आयुष्य कापसात गेलं, पण लोकरीचे नमुनेही अधूनमधून यायचे. ते ज्ञान आता भाचरं फोनवरून फुकटात वापरतात. स्टुटगार्टच्या भाचीने मध्यंतरी एका स्वेटरच्या लेबलाचा फोटो पाठवला. शंभर टक्के कॅशमियर, 49 युरो, शिवाय एक हिरवा टॅग. "मावशी, घेऊ का? पर्यावरणपूरक आहे म्हणतात." मी म्हटलं, ठेव परत.

कारण साध्या हिशोबात आहे. शेळीच्या राठ केसांखाली थंडीसाठी जी मऊ लव येते, ती म्हणजे कॅशमियर. हिवाळा सरला की ती सुटायला लागते, तेव्हा विंचरून काढतात. राठ केस वेगळे केले की एका शेळीमागे वर्षाला दीडदोनशे ग्रॅम हाती लागते, पुष्कळदा त्याहून कमी. म्हणजे एका साध्या स्वेटरला दोन ते चार शेळ्यांची वर्षाची लव लागते. आता त्या शेळ्या, कताई, रंग, विणाई, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा 49 युरोत बसवून दाखवा. बसतं ते फक्त आखूड तंतू आणि सैल विणीमुळे, आणि कुरणावर आणखी शेळ्या सोडल्यामुळे.

खरं नुकसान तिथे, कुरणावर होतं. जगातली बहुतेक कॅशमियर चीन आणि मंगोलियातून येते. मंगोलियात 1990 च्या सुमारास 50 लाखांच्या आसपास शेळ्या होत्या. त्यानंतर कळप खासगी झाले, कॅशमियरला रोख पैसा मिळू लागला आणि 2019 पर्यंत हा आकडा 2 कोटी 90 लाखांवर गेला. शेळी गवत अगदी बुडापर्यंत खाते, प्रसंगी मुळासकट उपटते, आणि तिच्या टोकदार खुरांनी मातीचा वरचा थर मोडतो. पाऊस तसाही कमी, त्यात हे. कुरण उजाड झालं की जनावरं अशक्त राहतात आणि कडक हिवाळ्यात लाखोंनी मरतात. 2023-24 च्या हिवाळ्यात तिथे 70 लाखांहून जास्त जनावरं गेली. तेव्हा पर्यावरणपूरक कॅशमियर म्हणजे माझ्या लेखी कमी कॅशमियर. एकच घ्या, पण वीस वर्षं टिकेल असं.

टिकेल की नाही, हे दुकानात पाच मिनिटांत कळतं. हाताला लोण्यासारखं लागलं म्हणून भुलू नका. नवाकोरा स्वेटर अति मऊ असेल तर बहुधा तो जास्त धुऊन, रसायन लावून तसा केलेला असतो, आणि वर्षभरात त्याच्या गोळ्या होतात. चांगला माल नवा असताना किंचित करकरीत लागतो आणि वापराने मऊ होत जातो. तळहाताने छातीवरचा भाग जरा जोरात चोळा. लगेच तंतू वर आले, गुंडाळायला लागले तर आखूड तंतूंचं सूत आहे, खाली ठेवा. मग कमरेची पट्टी दोन्ही हातांनी ताणून सोडा, ती जागेवर परत आली पाहिजे. उजेडासमोर धरलं आणि पलीकडचा माणूस दिसला तर वीण सैल आहे. सूत दुपदरी आहे का, ते विचारा. एकपदरी सुताला कोपरावर लवकर भोक पडतं. शिवणीत सुटा धागा सापडला तर त्याची पीळ उलगडून तुम्हालाही पदर मोजता येतील.

आपल्याकडच्या बाजारात वेगळी गंमत असते. लोकरीच्या दुकानात "कॅशमिलॉन" मागून आपल्या आयाबायांनी आयुष्यभर स्वेटर विणले. ते शुद्ध ॲक्रिलिक असतं, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा, शेळीचा त्यात काही संबंध नाही. पश्मिना म्हणजे काश्मीर-लडाखकडचं बारीक कॅशमियर, पण प्रदर्शनांत पाचशे रुपयांना मिळणारी "पश्मिना" बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा असते. सत्काराच्या शालींबद्दल तर न बोललेलंच बरं. शंका असेल तर काठाचा एखादा धागा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर केसाचा धागा. कागदासारखा वास आला तर व्हिस्कोज. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा तसलंच काही. मात्र मेंढीची लोकरही केसासारखीच जळते. ती कॅशमियर नाही हे कळायला सूक्ष्मदर्शकच लागतो. त्याखाली मेंढीच्या तंतूवरचे खवले जास्त दाट दिसतात. अंगठीतून शाल काढून दाखवणाऱ्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावं. पातळ व्हिस्कोजही अंगठीतून सुळकन जातं.

शाल घ्यायची असेल तर माझं मत लडाख-काश्मीरच्या बाजूने आहे. चांगथांगच्या पठारावर, चार हजार मीटरहून उंचावर, चांगपा लोक शेळ्या पाळतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची लव विंचरतात. तंतू 12 ते 15 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो श्रीनगरला जातो, तिथे बायका चरख्यावर कातून त्याचं सूत करतात आणि हातमागावर शाल होते. विजेचा वापर जवळजवळ नाही. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. चांगथांगातही कळपातल्या मेंढ्या कमी आणि शेळ्या जास्त होत चालल्यात. पण चरख्याला वेळ लागतो, त्यामुळे मालाच्या ढिगाला आपोआप मर्यादा राहते.

नेमका हाच वेळ वाचवण्यासाठी काही जण जे करतात ते माहीत असू द्या. पश्मिन्याचा नाजूक धागा यंत्रमागावर तुटतो, म्हणून त्यात नायलॉन मिसळून गिरणीत सूत कातलं जातं. शाल विणून झाली की आम्लात बुडवून नायलॉन विरघळवतात. शालीवर "शंभर टक्के पश्मिना" लिहिता येतं, पण तंतू कमजोर होतो आणि ते पाणी कुठेतरी सोडलं जातंच. म्हणून विक्रेत्याला "शुद्ध आहे का?" असं विचारू नका, "हाताने कातलेली आहे का?" असं विचारा. काश्मीर पश्मिन्याला 2008 पासून भौगोलिक मानांकन आहे. हातकताई, हातमाग आणि जास्तीत जास्त 16 मायक्रॉनचा तंतू, या त्याच्या अटी आहेत. श्रीनगरच्या तपासणी केंद्रातून पास झालेल्या शालीला लेबल लागतं, ते मागा. लडाखच्या पश्मिन्यालाही 2023 मध्ये स्वतंत्र मानांकन मिळालं आहे. आणि कुणी हळूच "शाहतूश" काढून दाखवली तर तिथून निघा. त्यासाठी चिरू नावाचं तिबेटी हरिण मारावं लागतं, आणि ती विकणं-विकत घेणं भारतात गुन्हा आहे.

परदेशात राहणाऱ्यांना लेबलावर "गुड कॅशमियर स्टँडर्ड" किंवा "सस्टेनेबल फायबर अलायन्स" दिसेल. दोन्हींचा भर शेळ्यांची निगा आणि कुरण यांवर आहे, नसल्यापेक्षा बरं. रंगाईच्या सांडपाण्याकडे बघायचं तर "गॉट्स" (GOTS, सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक) शोधा. त्याहून सोपं म्हणजे न रंगवलेला माल घेणं: पांढरट, करडा, तपकिरी, शेळीच्या अंगावर असतो तोच रंग. पुनर्वापराचं कॅशमियरही मिळतं. इटलीतलं प्रातो हे शहर जुन्या लोकरी चिंध्यांपासून नवं सूत करण्यासाठी प्रसिद्ध आहे. तंतू पुन्हा पिंजल्याने आखूड होतात, म्हणून मजबुतीसाठी मेंढीची लोकर मिसळलेली असली तर ती फसवणूक समजू नका. भाचीला मी शेवटी जुन्या कपड्यांच्या दुकानात धाडलं. तिथे तिला दुपदरी, गडद करडा, कोपराला रफू केलेला स्वेटर मिळाला.

घरी आणल्यावर थंड पाण्यात रिठ्याने धुवा, पिळू नका, टॉवेलवर आडवा वाळवा. आलेल्या गोळ्या बारीक फणीने काढा, ओढून तोडू नका. आपल्याकडे मोठा धोका पावसाळ्याचा. घामाचे, जेवणाचे डाग राहिले की कसर हमखास लागते, म्हणून धुतल्याशिवाय कपाटात ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि पावसाने उघडीप दिली की काढून झटका. कसर लागल्याची शंका आलीच तर पिशवी घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अळ्या मरतात. भोक लहान असतानाच रफूवाल्याकडे न्या, मोठं झालं की तोही दाम वाढवतो.