पेरणीनंतर वीस रात्री बॅटरी घ्या: वाणी, घोण आणि गांडूळ ओळखा

मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली आणि आठवड्याभरात तासात (पिकाच्या ओळीत) हात-हात नांगे, म्हणजे रोप नसलेल्या मोकळ्या जागा दिसल्या, की गावात एकच बोलणं सुरू होतं: बियाणं बोगस निघालं. कधी ते खरंही असतं. पण विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन-कपाशीच्या कितीतरी वावरांत बी व्यवस्थित उगवलेलं असतं आणि रात्रीतून वाणी या बहुपायी जिवाने फस्त केलेलं असतं. शेतकरी सकाळी दहाला धुऱ्यावर (बांधावर) उभा राहून पाहतो. त्या वेळी वाणी ढेकळाखाली, कुटाराखाली (मळणीच्या भुश्याखाली) दडलेली असते. मग दुसरी बॅग येते, सोबत दुकानदाराने दिलेलं दाणेदार औषध येतं आणि दुबार पेरणीही त्याच वाणीच्या तोंडी जाते.

म्हणून आधी सांगतो: पेरणीपासून साधारण वीस दिवस रात्री आठ-नऊनंतर बॅटरी घेऊन वावरात एक चक्कर मारा. पायात बूट हवेतच, सापांचे दिवस आहेत.

बॅटरीच्या उजेडात काय दिसतं?

वाणी (पैसा) – गोल, कडक, काळपट-तपकिरी अंग. चाल संथ. काडीने डिवचली की वेटोळं करून पडते. शरीराच्या बहुतेक वळ्यांवर पायांच्या दोन-दोन जोड्या. चावत नाही, पण घाण वासाचा द्राव सोडते. तो हाताला लागला तर डाग पडतो, डोळ्यात गेला तर आग होते.

घोण, गोम – चपटी, सळसळत पळणारी. प्रत्येक वळ्याला पायांची एकच जोडी आणि डोक्याखाली विषारी नांगी. चावली तर माणूस कळवळतो. पण ती किडे खाऊन जगते, रोपाला तोंड लावत नाही. तिला वाटेने जाऊ द्या.

गांडूळ – पाय नाहीत, अंग मऊ आणि ओलं, मोठ्या गांडुळाच्या अंगावर फिकट पट्टा. ते जिवंत रोप खात नाही. उपटलेल्या रोपाच्या मुळाशी गांडूळ सापडलं म्हणून औषध टाकणारे मी पाहिले आहेत. चोर मोकळा आणि राखणदाराला फाशी.

वाणी तशी कुजका पालापाचोळा खाणारी. जमीन ओली आणि कुजकं खाणं भरपूर, तोवर ती रोपाकडे फारशी वळत नाही. पेरणीनंतर पावसाने दडी मारली की गणित फिरतं. तिच्या अंगातली ओल लवकर उडते, कचरा वाळलेला असतो आणि वावरात ओलसर, कोवळं असं एकच काही उरतं: तुमचा कोंब. म्हणून चार-पाच दिवसांचा खंड पडला तर त्या रात्रीची चक्कर अजिबात चुकवू नका. आधी धुऱ्याकडची तासं पाहा, मागच्या हंगामाचं कुटार जिथे पडून आहे ती जागा पाहा. माझ्या पाहण्यात सुरुवात बहुधा तिथूनच होते.

नांग्यात बोटभर माती उकरा. पोखरलेलं बी, कुरतडलेली दलं किंवा जमिनीलगत खाल्लेलं खोड सापडलं तर वाणीचा संशय घ्या. चकाकणारा चिकट माग दिसला तर ती शंखी गोगलगाय. बी जसंच्या तसं कुजलेलं असेल तर दोष बियाण्याचा किंवा ओलीचा. पण नक्की काय ते रात्रीच कळतं.

वाणी दिसली तर:

- संध्याकाळी तासांमध्ये ओल्या गवताचे लहान ढीग किंवा भिजवलेली गोणपाटं ठेवा.
- उजाडण्याआधी उचला, खालच्या वाणी हातमोजे घालून वेचा, साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका.
- सलग काही दिवस करा. शेजाऱ्यालाही सांगा.
- धुऱ्यावरचं कुटार, धसकटं वावराबाहेर नेऊन कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.
- सोय असेल तर खंडात तुषारने हलकं पाणी द्या.

धुऱ्यालगत चुन्याची रेघ ओढणारे शेतकरी आहेत. कोरड्यात थोडा आवर बसतो असं दिसतं, पाऊस आला की रेघ गेली.

दाणेदार औषधाबद्दल स्पष्ट बोलतो. फोरेट 2020 च्या अखेरीपासून देशात बंद आहे. कोणी जुना माल काढून दिला तर घेऊ नका. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार औषधं गांडुळांना फार घातक. वाणी ओळखल्याशिवाय एकरभर दाणे फेकणं म्हणजे दुकानदाराची उधारी वाढवणं. वेचूनही आटोक्यात येत नसेल तरच कृषी विज्ञान केंद्राला विचारा, आणि औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या.

सोयाबीनची पेरणी अजून बाकी असलेल्यांसाठी:

- 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्यावरच पेरणी.
- घरच्या बियाण्याची उगवण तपासणी. किमान 70 टक्के.
- खोली 3 ते 5 सें.मी.
- बीजप्रक्रिया: आधी बुरशीनाशक, मग थायामिथोक्झाम 30 टक्के एफएस 10 मि.ली. प्रति किलो, शेवटी रायझोबियम (जिवाणू खत).

थायामिथोक्झामची ही मात्रा खोडमाशीसाठी आहे. वाणी तिने सुरुवातीला जरा दबते असा माझा अंदाज. भरवसा नको, बॅटरी हवीच.

दुबार पेरणीचा निर्णय नांगे पाहून घाईत घेऊ नका. 45 बाय 5 सें.मी. अंतरावर मीटरभर तासात 20 रोपं बसतात. वावरात आठ-दहा ठिकाणी मोजा. सारखी विखुरलेली बारा-तेरा रोपं उभी असतील तर मी मोडणार नाही, सोयाबीन फांद्या फोडून जागा भरून काढतं. त्याहून कमी असतील तर आधी वाणी वेचा, दोन रात्री गोणपाटाखाली काही सापडत नाही याची खात्री करा, मगच नांग्यांत टोकण करा (हाताने बी टोचा). सोयाबीनसाठी 15 जुलैच्या पुढे जाऊ नका.