कुत्र्याच्या हृदयाच्या गोळ्या: रोजची घडी कशी बसवावी

हृदयाची औषधं एकदा सुरू झाली की बहुधा जन्मभर चालतात. म्हणून सगळ्यात आधी एक कागद करा आणि तो औषधांच्या डब्यावरच चिकटवा. गोळीचं नाव, डोस, वेळ, ती कशासाठी आहे आणि शेवटी ‘दिली’ म्हणून खूण करायला चौकट. घरात दोघं-तिघं असले की एकच गोळी दोनदा दिली जाते किंवा कुणीच देत नाही.

पिमोबेंडान हृदयाच्या आकुंचनाला बळ देतं. ते साधारण १२ तासांच्या अंतराने, जेवणाआधी तासभर द्यायचं. फ्युरोसेमाइड फुप्फुसात साठणारं पाणी लघवीवाटे काढतं. त्यामुळे कुत्रा भरपूर पाणी पितो आणि सारखा बाहेर जायला मागतो. घरात लघवी झाली म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका, फेऱ्या वाढवा.

गोळी लपवायची युक्ती अशी: मऊ खाऊचे तीन छोटे घास करा. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो. खारट चीज किंवा प्रक्रिया केलेलं मांस वापरू नका, आणि मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही तर नकोच. नंतर जमिनीवर नजर टाका. कुत्री फार सफाईने गोळी थुंकतात.

डोस चुकला तर आठवल्यावर द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीच नाही. गोळी उलटीतून बाहेर पडली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नका.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम, आणि त्याला खर्च शून्य. कुत्रा गाढ झोपला असताना श्वास मोजा. छाती वर जाऊन खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. स्वप्नात पाय हलवत असेल किंवा उकाड्याने धापत असेल तेव्हाचा आकडा धरू नका. मिनिटाला ३०च्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त भरला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, आणि तरीही तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आकडे त्याच कागदावर लिहा, कारण खोकला सुरू होण्याआधीच ते चढू लागलेले दिसू शकतात. पोट आत-बाहेर ओढत श्वास घेणं, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणं, शुद्ध हरपणं, यापैकी काही दिसलं तर मोजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत मूत्रपिंड आणि पोटॅशियमची रक्ततपासणी होते. ती टाळू नका. लंगडतोय म्हणून मनाने वेदनाशामक देऊ नका, या औषधांसोबत मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बरा दिसतोय म्हणून गोळ्या बंद करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो बरा दिसतोय तो गोळ्यांमुळेच. डब्यात आठवड्याभराच्या उरल्या की नवीन आणा, आणि डबा उंचावर ठेवा: चघळायच्या गोळ्यांना खाऊसारखी चव असते, आख्खी पट्टी फस्त व्हायला मिनिट लागत नाही.