जुन्या वर्कशॉपच्या जागेतील तेलमिश्रित माती तपासताना या चुका टाळा

गाड्यांच्या दुरुस्तीचे आवार बंद पडल्यावर त्या जागेचा वापर बदलण्यापूर्वी मातीत पेट्रोल, डिझेल किंवा वंगणतेल मुरले आहे का, याची तपासणी केली जाते. या तपासणीत होणाऱ्या बहुतेक चुका निष्कर्ष एकाच बाजूला झुकवतात, आणि तेच सर्वांत धोक्याचे आहे. नमुना चुकीच्या जागेचा निघतो, बोअर (माती काढण्यासाठी पाडलेले छिद्र) अपुऱ्या खोलीवर थांबतो, बाष्पशील म्हणजे सहज वाफ होणारी द्रव्ये वाटेत उडून जातात आणि दूषित जमीन कागदावर स्वच्छ ठरते. म्हणून ‘आढळले नाही’ हा शेरा कोणत्या मार्गाने मिळाला, हे तपासल्याशिवाय तो स्वीकारू नये.

पहिली चूक जमीन खणण्याआधीच होते. आवारावर चौकटी आखून समान अंतरावर बोअर घेतले की काम पद्धतशीर दिसते. परंतु गळती ठरावीक जागीच झालेली असते: इंधनाच्या भूमिगत टाकीखाली, नळ्यांच्या सांध्यांपाशी, जमिनीत बसवलेल्या हायड्रॉलिक लिफ्टच्या सिलिंडरभोवती, गाडीखाली उतरण्याच्या खड्ड्यात, धुलाईच्या गटारात, तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीच्या तळाशी आणि वापरलेल्या काळ्या ऑइलच्या पिंपांच्या जागी. जुने नकाशे व हवाई छायाचित्रे पाहावीत आणि तेथे काम केलेल्या मेकॅनिकशी सविस्तर बोलावे. भिंतीलगतची निरुपयोगी वाटणारी लोखंडी नळी अनेकदा पुरलेल्या टाकीचा व्हेंट पाइप, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी नळी, असते.

चाचण्यांची यादी ठरवतानाही असेच होते. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनचा, म्हणजे इंधन-तेलातील सर्व संयुगांचा मिळून, एकच आकडा मागवला, तर बेंझिन किती आहे हे त्यातून कळत नाही. पेट्रोलसाठी बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन व झायलिन, डिझेलसाठी नॅफ्थॅलिन आणि त्या कुळातील इतर संयुगे, तर वापरलेल्या ऑइलसाठी जड धातूही तपासावे लागतात. सुटे भाग धुण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावके वापरली गेली असतील, तर ती पाण्यापेक्षा जड असल्याने खोल उतरतात आणि पेट्रोलच्या चाचणीत सापडत नाहीत. जागा फार जुनी असेल, तर शिसेही तपासावे. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगात सर्वांत शेवटी, 2021 साली, अल्जीरियात थांबली.

सर्वाधिक नुकसान नमुना हाताळताना होते. बेंझिन 80 अंश सेल्सियसला उकळते, पण साध्या हवेतही ते झपाट्याने उडते. माती घमेल्यात ओतून कालवणे, खडे वेचत बसणे, चार ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना बनवणे किंवा बरणी अर्धी रिकामी ठेवणे, यांपैकी कोणत्याही कृतीने प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच नमुन्याचा अर्थ हरवतो. बाष्पशील घटकांसाठीची माती न ढवळता बोअरमधून निघालेल्या मातीच्या अखंड गाभ्यातून थेट लहान नळीने, सुमारे 5 ग्रॅम, काढून लगेच मिथेनॉल (बाष्पशील घटक धरून ठेवणारे द्रावक) असलेल्या, आधी वजन केलेल्या बाटलीत सोडावी किंवा हवाबंद नळीतच ठेवावी, आणि 4 अंशांच्या आसपास गार राखून मुदतीत पोहोचवावी. हा नमुना सर्वांत आधी घ्यावा. मातीचे वर्णन नंतरही लिहिता येते. माती नाकाशी नेऊन वास घेण्याची सवय मात्र सोडावी, कारण बेंझिन हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य आहे.

जागेवर वापरला जाणारा पीआयडी (फोटोआयोनायझेशन डिटेक्टर) हा अतिनील दिव्यावर चालणारा बाष्पमापक उपयोगी आहे, पण तो निर्णय देणारे यंत्र नाही. दमट हवेत त्याचे आकडे बिघडतात, त्याचा नेहमीचा 10.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दिवा मिथेन ओळखत नाही, आणि वंगणतेलाने चिंब झालेल्या मातीवरही तो जवळजवळ शून्य दाखवू शकतो. त्याचा उपयोग नमुन्याची खोली निवडण्यासाठी करावा.

खोलीबाबत ‘दोन मीटर पुरे’ असा सरसकट नियम घातक ठरतो. पेट्रोल पाण्यावर तरंगते; ऋतूनुसार भूजलाची पातळी वरखाली होते तसे तेलही सरकते आणि त्या संपूर्ण पट्ट्यातील माती माखून ठेवते. पाणी वर असताना हा पट्टा बुडालेला असतो, म्हणून बोअर पातळीच्या नीचांकाखालपर्यंत न्यावा. मात्र वाटेत चिकणमातीचा अखंड थर लागला, तर तो निष्काळजीपणे भेदू नये. अन्यथा तपासणीचे छिद्रच तेलाला खाली जायची वाट होते. काम संपल्यावर प्रत्येक छिद्र बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) किंवा सिमेंटच्या मिश्रणाने बुजवावे.

उलट दिशेची चूकही घडते. कुजलेल्या पानांची सेंद्रिय माती किंवा डांबराचे तुकडे एकूण हायड्रोकार्बनचा आकडा फुगवतात. अशा वेळी प्रयोगशाळेकडून क्रोमॅटोग्राम (नमुन्यातील घटक वेगळे करून दाखवणारा आलेख) मागवून त्याचा आकार ताज्या पेट्रोल-डिझेलच्या नमुन्यांशी ताडून पाहावा.

जागेवर स्पष्ट वास होता, पीआयडीचा काटा वर गेला होता, तरी अहवाल ‘आढळले नाही’ म्हणत असेल, तर आधी नमुना घेण्याची आणि चाचणीची तारीख जुळवावी, मग प्रवासातील कोऱ्या नमुन्याचा (इतर बाटल्यांसोबत नेलेल्या स्वच्छ नमुन्याचा) निकाल पाहावा. त्यानंतर मोजमापाची किमान मर्यादा, म्हणजे चाचणीला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, मानकापेक्षा वर तर नाही ना, हे तपासावे. मिथेनॉलमुळे नमुना सौम्य होतो आणि ही मर्यादा वाढते. आकडे ओल्या मातीच्या वजनावर दिले असतील, तर ते कोरड्या वजनावर बदलून घ्यावेत. एवढे करूनही विसंगती उरली, तर त्याच बोअरशेजारी, त्याच खोलीवर, नवा नमुना घ्यावा.