घरावर जप्ती येण्याआधी या चुका टाळा

बँकेचं पाकीट परत पाठवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि तीच करून लोक माझ्याकडे येतात. आमच्या गल्लीतल्या काकांनीही तेच केलं. गृहकर्जाचे हप्ते थकले होते, रजिस्टर पत्र आलं, काकांनी पोस्टमनला परत धाडलं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला आणि कायद्याच्या लेखी नोटीस पोहोचली.

२००२ च्या सरफेसी कायद्यात (कोर्टात न जाता तारण ठेवलेलं घर ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा कायदा) या नोटिशीनंतर पैसे भरायला ६० दिवस मिळतात. त्यात लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. काकांचे भरलेले दोन हप्ते खात्यात जमाच झाले नव्हते. पावत्या घरातच बिस्किटांच्या डब्यात होत्या, पण हरकत घेतलीच नाही. एके सकाळी दारावर ताब्याची नोटीस चिकटली. मी पोहोचलो तेव्हा खळ ओली होती आणि काकू उलथन्याने कागद खरवडत होत्या. मग ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज, वकिलाची फी, पुण्याच्या चकरा. शेवटी लिलावाची जाहीर नोटीस निघायच्या आत सगळी रक्कम खर्चासकट भरली, म्हणून घर वाचलं. त्यासाठी काकूंचे दागिने गेले.

मी पाकीट घेतो, त्यावरच तारीख लिहितो, आणि हरकत नेऊन दिली की पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हरकतीचा नमुना नाव बदलून देणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्या खात्याचा उतारा तरी वाचा!

वसुली एजंटच्या हातात रोख देऊ नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. असे फोन आले की वेळ टिपून लेखी तक्रार करा.

कर्ज फिटलं की सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरतो, असंही समजू नका. मूळ कागदपत्रं बँकेने ३० दिवसांत द्यायची, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण बँकेचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करणं आणि फेरफार मंजूर होईपर्यंत मागे लागणं आपल्यालाच करावं लागतं. 'इतर हक्क' रकाना कोरा झालेला नवा उतारा हातात पडेपर्यंत मी फाइल कपाटात ठेवत नाही.