कमी व्हॉल्यूमचा शेअर घेताय? मग या चुका टाळा

कमी व्हॉल्यूमचा शेअर म्हणजे ज्याची दिवसभरात फार थोडी खरेदी-विक्री होते असा शेअर. चार्ट हिरवा दिसला की घे, कुणी टिप दिली की घे, आणि महिन्याभराने मेसेज येतो, "विकला जात नाहीये, काय करू?" अरे, घ्यायच्या आधी विचारायचं ना!

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने लगेच घ्यायची किंवा विकायची ऑर्डर. स्क्रीनवरचा भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो, तो सौदा 10 शेअरचाही असू शकतो आणि दोन तासांपूर्वीचाही, तुम्हाला तोच भाव मिळेल असं कुणीही कबूल केलेलं नसतं. माझ्या एका मित्राकडे 90 ला घेतलेले 2000 शेअर होते, ॲपवर भाव 100, त्यामुळे स्वारी खूश. मग पैशांची नड निघाली आणि पठ्ठ्याने मार्केट डेप्थ (कुठल्या भावाला किती घेणारे-विकणारे उभे आहेत ती यादी) उघडूनही न बघता सगळेच्या सगळे मार्केट ऑर्डरने सोडले. समोर घेणारे किती, तर 97 ला 150, 94 ला 200, 88 ला 400 आणि त्याखाली थेट 80 ला बाकीचे. सरासरी पडली 84 च्या आसपास, म्हणजे नफा राहिला बाजूला, वर तोटा! कंपनीची वाईट बातमी वगैरे काही नव्हती, भाव यानेच पाडला होता, आणि थोड्या वेळाने तो परत 98 वर. वर शिव्या कुणाला, तर ब्रोकरला.

मी अशा शेअरमध्ये फक्त लिमिट ऑर्डर टाकतो, म्हणजे भाव मी ठरवतो, तीही तुकड्यातुकड्याने, आणि आधी बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) मधलं अंतर बघतो. ते 3-4 टक्के असेल तर घेतल्या क्षणीच तुम्ही तेवढे मागे असता, ब्रोकरेज सोडूनच द्या. रोजच्या सरासरी व्हॉल्यूमच्या 1-2 टक्क्यांपेक्षा जास्त माल मी घेत नाही. लोक म्हणतात फारच सावध आहेस. असू दे.

दुसरी चूक, नुसता शेअरचा आकडा बघणं. "लाखभर शेअर ट्रेड झाले की!" हो, पण भाव 2 असेल तर उलाढाल फक्त 2 लाखांची झाली, आणि 2000 भावाच्या शेअरमध्ये 5000 च झाले तरी ती 1 कोटी होते. उलाढाल बघा. तीही एका दिवसाची नको, एखादा मोठा सौदा झाला की तो दिवस फुगलेला दिसतो, निदान 20 दिवसांची सरासरी काढा.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरवलेल्या पातळीपर्यंत पडला की आपोआप विकायची ऑर्डर, लावला म्हणून निवांत झोपणारे तर वेगळेच. ट्रिगर, म्हणजे ती पातळी, लागला की साधा स्टॉप लॉस मार्केट ऑर्डर होतो, मग वर सांगितलेलीच गत, आणि लिमिटवाला लावला तर भाव त्याच्या खाली उडी मारून जातो आणि माल तुमच्याकडेच राहतो.

व्हॉल्यूम नसताना झालेल्या ब्रेकआउटवर (भाव बरेच दिवस अडलेली पातळी ओलांडून वर जातो तेव्हा) उड्या मारू नका. सणासुदीच्या सुट्ट्यांच्या आसपास व्हॉल्यूम तसाही आटतो, त्यातून लगेच अर्थ काढत बसू नका.

आणि हो, कमी व्हॉल्यूम म्हणजे कंपनी भंगार असंही नसतं. कधी बहुतेक शेअर प्रमोटरकडेच, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांकडेच असतात, बाजारात फिरणारा मालच थोडा. असा शेअर जरूर घ्या, पण विकायला आठवडे लागले तरी अडणार नाही तेवढेच पैसे घालून.