कॅप्टन कोण? अंतराळयानाच्या खेळात हुद्दे, बढती आणि शिस्त कशी बसवावी

आमचा खेळ रोलप्लेचा: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने यानावरचं एक पात्र व्हायचं आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. आमच्या पहिल्या यानाचा कॅप्टन ठरवायला काहीच वेळ लागला नाही. ज्याच्या फ्लॅटवर खेळ, तो कॅप्टन. कोथरूडमधला हॉल त्याचा, चहा त्याच्या घरचा, मग खुर्चीही त्याचीच. दुसऱ्याच रविवारी यान लघुग्रहांच्या पट्ट्यात शिरलं. कॅप्टन म्हणाला, "इंजिन बंद." फर्स्ट ऑफिसर झालेला मित्र म्हणाला, "वेडा आहेस का? वेग वाढव!" सुकाणूवर बसलेली मैत्रीण फासा मुठीत धरून दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. वाद पाऊण तास चालला. त्यातली यानाबद्दलची पाच मिनिटं सोडली, तर बाकीचा सगळा अकरावीपासूनचा हिशेब होता.

त्यानंतर दोन मोहिमा मी गेममास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि उरलेली पात्रं वठवणारा म्हणून चालवल्या. रोलप्लेच्या टेबलावर हुद्दे लागतात ते एवढ्याचसाठी: कुणाच्या शब्दावर यान हलणार, हे फासा टाकण्याआधी सगळ्यांना माहीत असावं. कसब्याच्या गणपतीचा मान पहिला, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. मानाच्या पाच गणपतींचा हा क्रम दर वर्षी नव्याने ठरवायचा म्हटलं, तर मिरवणूक मंडईतून पुढे सरकेल का?

उतरंड कागदावर उतरवा

अंतराळकथांनी हुद्दे बहुतेक नौदलाकडूनच उचलले आहेत, त्यामुळे नौदलाचाच साचा घ्या. आपल्या नौदलात खालून वर सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर आणि कॅप्टन. त्यावर कमोडोर आणि अॅडमिरल मंडळी. ती गेममास्टरकडे ठेवा. अमेरिकी वळणाच्या खेळात सगळ्यात खाली 'एन्साइन' भेटतो, तो साधारण आपल्या सब लेफ्टनंटच्या जागी धरा.

पुण्यात एक अडचण हमखास येते. खडकवासल्याची एनडीए जवळ, लष्कराची छावणी शहरातच, त्यामुळे टेबलावर एकाचा तरी मामा फौजेत असतो. तो भाचा विचारणार, "कॅप्टन म्हणजे तर अगदीच ज्युनियर ना?" लष्करात बरोबर आहे. पण नौदलाचा कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि लष्करातला कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाका: इथे नौदलाची पद्धत.

दुसरा घोटाळा हुद्दा आणि पद यांचा. बँकेत नोकरी केलेल्यांना तो लगेच कळतो: स्केल वेगळं, ब्रँच मॅनेजरची खुर्ची वेगळी. छोट्या शाखेला खालच्या स्केलचा मॅनेजर चालतो, मोठीला वरचा लागतो. तसंच लहान लढाऊ जहाजावर प्रमुख अधिकारी कमांडर किंवा लेफ्टनंट कमांडर हुद्द्याचाही असतो, आणि जहाजावर सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात. म्हणून प्रत्येक पात्रापुढे दोन रकाने ठेवा. उदाहरणार्थ, हुद्दा लेफ्टनंट, पद मुख्य अभियंता.

सहा खेळाडू असतील तर चारपेक्षा जास्त हुद्दे वापरू नका. पहिल्या मोहिमेत उत्साहाच्या भरात एकाच संध्याकाळी तिघांना लेफ्टनंट कमांडर करून टाकलं. पुढच्या रविवारी गळका पाइप दुरुस्त करायला खाली उतरेल असं पात्रच उरलं नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सहकार्याध्यक्ष, आणि मांडवाचे बांबू धरायला दोघंच, तशी गत.

इंग्रजी हुद्दे नको असतील तर आपल्या किनाऱ्याकडे बघा. जहाजावरचे तांडेल, सारंग आणि कान्होजी आंग्र्यांनी गाजवलेला 'सरखेल', म्हणजे आरमारप्रमुख, हे शब्द यानावर सुरेख बसतात. दुसऱ्या मोहिमेत आम्ही तेच वापरले. "सरखेलांचा निरोप आलाय" म्हटल्यावर सोफ्यावर आडवा झालेला खेळाडूसुद्धा उठून बसायचा. फक्त भेसळ करू नका. 'लेफ्टनंट तांडेल' ऐकलं की टेबल दहा मिनिटं हसत बसतं आणि शत्रूचं यान निघून जातं.

कॅप्टनची खुर्ची घाईने देऊ नका

पहिले तीन रविवार कॅप्टन हे गेममास्टरचं पात्र असू द्या. तेवढ्यात कोण ऐकून घेतो, कोण ओरडतो, कोण निर्णयाच्या वेळी मोबाइल काढतो, सगळं दिसतं. चौथ्या रविवारी त्या कॅप्टनची दुसऱ्या यानावर बदली करा आणि खुर्ची रिकामी करा. यजमानाला आपोआप कॅप्टन करू नका. त्याला आधीच कप विसळायचे असतात.

तू की तुम्ही?

इंग्रजी नियमपुस्तकात हा प्रश्न येतच नाही. मराठीत मात्र क्रियापद उच्चारलं की हुद्दा बाहेर पडतो. "ढाली वर घे", "ढाली वर घ्या" आणि "ढाली वर घ्याव्यात, कॅप्टन" ही तीन वाक्यं तीन वेगवेगळ्या माणसांची आहेत. शाळेपासूनच्या मित्राला अहो-जाहो करताना पहिल्या दिवशी सगळ्यांनाच हसू फुटतं. फुटू द्या.

नियम असा करा: पात्र म्हणून बोलताना यानावर सगळे सगळ्यांना 'तुम्ही'. वरचा खालच्यालाही 'तुम्ही'च. आमच्याकडे साठीचे एक काका सब लेफ्टनंट होते आणि कॅप्टन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी. तिला काकांना आदेश देणं जड जायचं. ती म्हणायची, "काका, जरा ते सेन्सर बघता का प्लीज?" आता याला आदेश म्हणायचं की विनंती? काकांनीच तोडगा काढला. म्हणाले, "मला काका म्हणू नकोस, सेन्सर म्हण." तेव्हापासून यानावर सगळ्यांना पदाच्याच नावाने हाक. "सेन्सर, पुढचा पट्टा तपासा." सगळं सुतासारखं सरळ.

याचा एक फायदा आम्हाला नंतर लक्षात आला. 'तू' ऐकू आलं की खेळाबाहेरचं बोलणं, 'तुम्ही' आलं की यानावरचं. "तू ते बिस्किट दे" आणि "तुम्ही ते बटण दाबा" यांत गल्लत होत नाही.

आदेश द्यायचा आणि घ्यायचा कसा

इंग्रजी बोलणाऱ्या नौदलांत 'येस' आणि 'आय आय' यांचे अर्थ वेगळे. 'येस' हे नुसतं प्रश्नाचं उत्तर. 'आय आय' म्हणजे आदेश कळला आणि मी तो पाळतो आहे. मराठीत नुसतं "हो" म्हटलं तर त्याचा अर्थ "ऐकलं", "बघू" किंवा "चहा झाल्यावर" यांपैकी काहीही निघू शकतो. म्हणून आदेश परत म्हणायची सवय लावा.

"सुकाणू, वेग निम्मा."
"वेग निम्मा, कॅप्टन."
फासा पडतो.
"वेग निम्मा झाला."

हे तीन टप्पे झाले की कुणी काय ठरवलं यावर नंतर वाद होत नाही. कॅप्टन खुर्चीवरून उठला, अगदी फोन घ्यायला गॅलरीत गेला तरी, "खुर्ची तुमच्याकडे" असं मोठ्याने म्हणायचं. समोरच्याने "खुर्ची माझ्याकडे" म्हटल्याशिवाय ती बदलली असं धरायचं नाही.

हरकतीचा हक्क लिहून ठेवा

शिस्त म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे सांगायला मी टेनेरिफेचं उदाहरण देतो. २७ मार्च १९७७ रोजी त्या बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी नसताना विमान पळवायला सुरुवात केली होती. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नसावं, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती उडवून लावली, आणि इंजिनिअरने पुन्हा ताणून धरलं नाही. कनिष्ठाने स्पष्ट बोलावं आणि वरिष्ठाने थांबून ऐकावं, असं रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांत पुढच्या काळात रुजलं, त्यामागे असे अपघात होते.

आमच्या टेबलावर प्रत्येकाला दर खेळात पाच रुपयांचं एक नाणं मिळतं. ते पुढे सरकवून "हरकत" म्हटलं की कॅप्टनने थांबायचं, एक मिनिट ऐकायचं, आणि मग निर्णय द्यायचा. निर्णय कॅप्टनचाच, पण हरकत यानाच्या रोजनिशीत लिहायची. पुढे हरकत खरी ठरली तर ती बढतीच्या वेळी मोजली जाते. डॉक्टरला एक जास्तीचा अधिकार असू द्या: कॅप्टन शुद्धीवर नाही किंवा त्याच्या मेंदूत कुणी परग्रहवासी शिरलाय अशी खात्री झाली, तर तो त्याला खुर्चीवरून उतरवू शकतो. हा अधिकार आमच्याकडे दोनदाच वापरला गेला. एकदा कारण खरं होतं.

बढती

१९७७ सालीच आलेल्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळ-खेळात बढती पात्र घडवतानाच ठरते. चार-चार वर्षांचे नोकरीचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात बढतीसाठी फासे. मूळ नियमांप्रमाणे पात्र खेळ सुरू होण्याआधीच नोकरीत मरूही शकायचं! गंमत म्हणून झकास. पण मोहीम सुरू झाल्यावर बढती फाशावर सोडू नये, असं माझं मत. महिनाभर राबलेला माणूस एका छोट्या आकड्याने मागे राहिला की पुढच्या रविवारी त्याला ताप येतो.

त्यापेक्षा आपल्या सैन्याची रीत उचला. तिथे लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती मुख्यतः सेवेच्या वर्षांवर, त्यापुढे निवड मंडळ. आम्ही लेफ्टनंट कमांडरपर्यंत हजेरी मोजतो: चार खेळ पूर्ण केले की एक पायरी. त्यावर जायचं तर दोन अटी. जागा रिकामी हवी, आणि रोजनिशीतल्या तीन नोंदी नावावर हव्यात, म्हणजे खरी ठरलेली हरकत, वाचवलेलं माणूस किंवा स्वतःहून कबूल केलेली चूक. शेवटचं कलम घातल्यापासून चुका लपवणं जवळजवळ थांबलं.

नव्या हुद्द्याबरोबर नवं काम द्या. लेफ्टनंट झालेल्याला दोन खलाशी द्या, त्यांची नावं आणि कुरबुरी त्यालाच लिहू द्या. नाहीतर नुसतं बटण वाढतं. बटण म्हणजे खरंच बटण: तुळशीबागेत सोनेरी बटणं मिळतात, काळ्या फेल्टच्या पट्टीवर शिवायची आणि सेफ्टी पिनने कॉलरला लावायची. थेट शर्टाला टोचू नका, घरून ऐकून घ्यावं लागतं. बढती सगळ्यांसमोर, उभं राहून द्या, आणि पट्टी लावायचा मान त्या पात्राच्या थेट वरिष्ठाला.

पदावनती मात्र क्वचित, आणि पात्राने यानावर केलेल्या गोष्टीसाठीच. खेळाडू कर्वे रोडवर अडकून तासभर उशिरा आला म्हणून त्याच्या पात्राचं बटण काढलं, तर तो पुन्हा येणारच नाही. त्याच्यासाठी वडा गार झालाय, एवढी शिक्षा पुरते.

कॅप्टनच गैरहजर असेल तर? वारसाक्रम आधी लिहा: फर्स्ट ऑफिसर, मग अभियंता, मग सुकाणू, शेवटी डॉक्टर. आमची यादी यजमानाच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली आहे. तिच्या तळाशी त्याच्या आईने पेन्सिलने एक ओळ वाढवली आहे: "कुणीच नसेल तर मी. आधी चपला नीट लावा."