जँगोच्या टेम्प्लेटमध्ये लिस्टमधला डेटा दिसत नाहीये? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी वहिनीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला एक छोटी साईट बनवली होती, जँगोमध्ये (पायथनमध्ये साईट बनवायचं फ्रेमवर्क). ऑर्डरच्या पानावर नाव आलं, पत्ता आला, एकूण रक्कम आली, फक्त पहिल्या आयटमच्या भावापाशी रुपयाचं चिन्ह आणि पुढे काहीच नाही. एरर नाही, टर्मिनलमध्ये हूं की चूं नाही. दोन तास डेटाबेस उचकत बसलो आणि तिथे चकली अर्धा किलो, भावासकट, आरामात बसलेली. घोळ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएल साच्यात होता. (कोड इथे फोनवर मित्राला सांगावा तसा तोंडी लिहितोय, डॉट म्हटलं की डॉट टाकायचा.)

मी लिहिलं होतं ऑर्डर डॉट आयटम्स डॉट शून्य डॉट प्राईस. वाचायला एकदम बरोबर वाटतं ना? पण आयटम्स ही लिस्ट नाहीच, फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्या टेबलाशी दुवा) मधून उलट्या बाजूने येणारा, डेटाबेसकडून ओळी मागवून देणारा तो मॅनेजर आहे, आणि मॅनेजरला शून्यावा नंबर नसतो. मध्ये ऑल पाहिजे, म्हणजे ऑर्डर डॉट आयटम्स डॉट ऑल डॉट शून्य डॉट प्राईस. गंमत म्हणजे ऑल न लावता नुसतं ऑर्डर डॉट आयटम्स मी फॉर लूपमध्ये लिहिलं असतं तर जँगो लगेच बोंबलला असता की हे इटरेबल नाही, पण नुसत्या महिरपी कंसांत तो गप्प बसून रिकामी जागा छापतो. आणि मॉडेलमध्ये रिलेटेड नेम दिलेलं नसेल तर ते नाव आयटम्स नसतंच, मॉडेलचं नाव अंडरस्कोर सेट असं असतं, तिथेही बरेच जण अडकतात.

हा गप्प बसण्याचा स्वभावच सगळ्या चुकांच्या मुळाशी आहे. टेम्प्लेटमधला डॉट तीन दारं वाजवतो, आधी डिक्शनरीची की, मग अ‍ॅट्रिब्यूट किंवा मेथड, मग लिस्टचा इंडेक्स, आणि कुठेच काही मिळालं नाही की रिकामी स्ट्रिंग. म्हणून पानावर कोरी जागा दिसली की "डेटा नाही" असं धरून चालू नका, बहुतेक वेळा "या नावाचं काही सापडलं नाही" एवढाच त्याचा अर्थ असतो. व्हॅल्यू खरंच नन, म्हणजे पायथनमधलं "काहीच नाही", असेल तर नन असा शब्दच छापून येतो, हा फरक लक्षात ठेवला तरी अर्धं काम होतं.

चौकोनी कंस टाकायची सवय पायथनमधून येते, ती निदान लगेच पकडली जाते, रिमेंडर पार्स करता आला नाही अशी एरर येते. तिथे डॉट शून्य लिहायचं. शेवटचा आयटम हवा म्हणून डॉट उणे एक लिहिलंत तरी तीच एरर. त्यासाठी लास्ट नावाचा फिल्टर आहे, पण तो साध्या लिस्टवर, क्वेरीसेटला (डेटाबेसमधून येणाऱ्या ओळींच्या संचाला) पाईप लावून लास्ट दिलंत तर निगेटिव्ह इंडेक्स चालत नाही म्हणून पान कोसळतं. क्वेरीसेटला डॉट लास्ट द्या, ती मेथड आहे.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त रडवलं ते, डिफॉल्टडिक्ट, पायथनची एक खास डिक्शनरी. डिलिव्हरीसाठी भागाप्रमाणे ऑर्डरी गोळा केल्या होत्या, कोथरूडच्या इतक्या, पाषाणच्या इतक्या, व्ह्यूमध्ये (टेम्प्लेटला डेटा पाठवणाऱ्या पायथन कोडमध्ये) प्रिंट केलं तर सगळं दिसतंय, आणि टेम्प्लेटमध्ये आयटम्सवर लूप फिरवला की शून्य ओळी. कारण पहिलं दार डिक्शनरीचं! जँगो विचारतो, आयटम्स नावाची की आहे का, आणि डिफॉल्टडिक्ट बिचारा कोणालाच नाही म्हणत नाही, तो तिथल्या तिथे रिकामी लिस्ट बनवून हातात देतो. मेथडपर्यंत गाडी पोचतच नाही. रेंडर झाल्यावर तोच डिक्ट परत प्रिंट करून बघा, आत आयटम्स नावाचा नवा भाग दिसेल, जिथे कोणीच राहत नाही. उपाय एका शब्दाचा, कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे टेम्प्लेटला पाठवायच्या डेटात, देताना त्याला डिक्टमध्ये गुंडाळून द्या. साध्या डिक्शनरीत तुम्हीच आयटम्स नावाची की ठेवली असेल, कार्टच्या कोडमध्ये हे हमखास असतं, तर तिथेही मेथडऐवजी ती कीच मिळणार, सरळ नाव बदला.

पुढची चूक, डिक्शनरीची की व्हेरिएबलमध्ये असणे. भाव नावाच्या डिक्शनरीसाठी भाव डॉट साईज लिहिलं की जँगो साईज हीच की शोधतो, साईजमध्ये "अर्धा किलो" आहे हे तो बघत नाही. टेम्प्लेटमध्ये हे होतच नाही, डोकं आपटू नका. जँगो मुळात कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात तयार झाला आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, त्याची टेम्प्लेटं डिझायनर लोकांनी लिहावीत असा हिशोब होता म्हणून प्रोग्रामिंग मुद्दामच कमी ठेवलंय. एकतर व्ह्यूमध्येच जोड्या बनवून पाठवा (मी हेच करतो), नाहीतर दोन ओळींचा कस्टम फिल्टर लिहा आणि टेम्प्लेटटॅग्ज फोल्डर नवीन असेल तर सर्व्हर रिस्टार्ट करायला विसरू नका.

पानावर नुसता एक चौकोनी कंस छापून आला तर? हसू नका, येतो. लिस्ट तुम्ही टेक्स्टफील्डमध्ये जेसन स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून ठेवलीये, मग डॉट शून्य म्हणजे स्ट्रिंगचं पहिलं अक्षर. जेसनफील्ड वापरा, जँगो 3.1 पासून तो सगळ्या सपोर्टेड डेटाबेसवर चालतो.

ऑल डॉट शून्य चालतं म्हणून प्रत्येक ठिकाणी तेच चिकटवू नका, नाव, भाव, वजन असं तीनदा लिहिलं तर तीन क्वेऱ्या जातात, प्रीफेच केलेलं (आयटम आधीच एकदम आणून ठेवलेले) नसेल तर. विथ टॅगने एकदाच नावात धरा.

शोधायचं कसं, तर सेटिंग्जमध्ये टेम्प्लेटच्या ऑप्शन्समध्ये स्ट्रिंग इफ इनव्हॅलिड असतं, तिथे काहीतरी ठळक शब्द टाका, जिथे नाव सापडलं नाही तिथे तो छापून येईल. फक्त काम झालं की काढा, अ‍ॅडमिनची पानंसुद्धा त्याने विचित्र दिसायला लागतात. लूपमध्ये मात्र हे कामाचं नाही, न सापडलेलं नाव तिथे नन धरलं जातं आणि लूप मुकाट्याने शून्य वेळा फिरतो, म्हणून मी प्रत्येक फॉरला एम्प्टी लावतोच, आता वहिनीच्या साईटवर तिथे "आयटम सापडले नाहीत, भाऊजींना फोन करा" असं येतं.